आधी अंदाज लिहा, मग लंबक सोडा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक ज्वालामुखी असतोच. मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून लाल रंग कालवलेलं व्हिनेगर, आणि फेस उसळला की पाहुण्यांच्या टाळ्या. दिसायला छान, पण याला प्रयोग म्हणता येत नाही. हे प्रात्यक्षिक झालं. काय होणार हे ओतणाऱ्या मुलीला आधीच ठाऊक असतं आणि पाहणाऱ्यांनाही. त्याच मुलीने चार सारख्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत शंभर मिलिलिटर व्हिनेगर, आणि तोंडावर बसवायच्या फुग्यात सोडा: पहिल्यात अर्धा चमचा, मग एक, दोन, तीन. फुगा उलटून सोडा आत पाडायचा आणि फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. मग तिला न सांगता एक गोष्ट कळेल. सोडा वाढवला तसा फुगा वाढत जातो, पण एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो. तीन चमचे टाकून दोन चमच्यांइतकाच फुगा का? व्हिनेगर संपलं म्हणून. डोंगर करायला लागणाऱ्या वेळापेक्षा याला कमीच वेळ लागतो.

हे टिपण पाचवी ते नववीच्या मुलांच्या पालकांसाठी आणि विज्ञान शिकवायला नव्याने सुरुवात केलेल्या शिक्षकांसाठी आहे. प्रयोगाची रीत आणि बल-गती हे विषय पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. ते एकत्र शिकवावेत असं माझं ठाम मत आहे. धावताना, सायकल चालवताना, चेंडू झेलताना प्रत्येक मुलाने गतीचे आपले स्वतःचे नियम बनवलेले असतात आणि त्यातले निम्मे चुकीचे असतात. जड वस्तू भरभर पडते. ढकलणं थांबलं की वस्तू थांबते. पुस्तकातल्या वाक्याने हे नियम पुसले जात नाहीत. मूल परीक्षेत न्यूटन लिहितं आणि मैदानावर जुन्याच नियमांनी चालतं. आपलाच लिहून ठेवलेला अंदाज आपल्याच मोजणीने खोटा पडलेला दिसला, तरच त्याच्या मनात काही हलतं. म्हणून इथल्या प्रत्येक प्रयोगाची शिस्त एकच आहे: अंदाज आधी वहीत लिहायचा, तोही पेनने, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मोजायचं.

एक बदला, बाकी तसंच ठेवा

मूग पेरायचा प्रयोग बहुतेक घरांत होऊन गेलेला असतो. एक कुंडी खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने कपाटातली रोपं पिवळी पडतात आणि वहीत निष्कर्ष येतो: वनस्पतीच्या वाढीला प्रकाश लागतो. निष्कर्ष खरा आहे, पण या प्रयोगातून तो निघत नाही. खिडकीत उजेड होता तसा वाराही होता, माती लवकर सुकत होती, दुपारी तापतही होती. कपाटात यातलं काहीच नव्हतं. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर फरक नेमका कशाने पडला हे कोणी सांगावं?

दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी ठेवा. थेट ऊन नको, उजेड हवा. एकीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. दुसरीवरही तेवढंच खोकं घाला, पण त्याच्या बाजू कापून पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं. आता वारा दोघींनाही सारखाच अडतो. पाणी चमच्याने मोजून, दोघींना तेवढंच. मूग एकाच पाकिटातले, आणि प्रत्येक कुंडीत एक न पेरता दहा, कारण एखादा दाणा मुळातच किडका असायचा.

आठवड्याने मुलाला पट्टी द्या आणि उंची मोजायला सांगा. अंधारातली रोपं बहुधा जास्त उंच निघतात! उजेडाच्या शोधात ती लांब, बारीक, फिकट होत जातात. इथे पुष्कळ पालक गडबडतात आणि ‘अरे, पण ती निरोगी नाहीत ना’ म्हणून विषय मिटवतात. मिटवू नका. ‘वाढ’ म्हणजे आपण काय मोजणार होतो, हे आधी ठरवलंच नव्हतं, हे मुलाच्या लक्षात यायची याहून चांगली वेळ मिळणार नाही. उंची, पानांची संख्या, खोडाची जाडी, वाळवलेल्या रोपाचं वजन, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

आपण बदलतो, मोजतो आणि तशाच ठेवतो त्या गोष्टींना पुस्तकात अनुक्रमे स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल म्हणतात. परीक्षेपुरते हे शब्द पाठ हवेतच. वहीच्या पानावर मात्र तीन ओळी पुरतात: मी काय बदललं, मी काय मोजलं, मी काय तसंच ठेवलं. तिसरी ओळ सगळ्यांत लांब यायला हवी. ती एका शब्दाची असेल, तर प्रयोग अजून पुरता आखलेला नाही असं समजा.

ही रीत शाळेपुरती नाही. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ती फलज्योतिषाला लावली होती. दोनशे मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या: शंभर हुशार म्हणून निवडलेल्या मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. त्या मिसळून भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. हा निबंध २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ४६ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पन्नासच्या आसपास आलीच असती, ही तुलना शेजारी ठेवली की तो बोलू लागतो. दुसरी खुबी अशी की कुंडली कोणाची हे उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हतं. घरी याची छोटी आवृत्ती करता येते. ‘मला आमच्याच दुकानातला पेढा आवडतो’ म्हणणाऱ्या आजोबांना डोळे मिटून चार दुकानांचे पेढे चाखायला द्या, आणि कोणता कुठला हे देणाऱ्यालाही माहीत नसू द्या, नाहीतर नातवाचा चेहराच उत्तर सांगून टाकतो.

लंबक

एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर लंबकाचा करा. खर्च नगण्य आहे आणि चुका करायला जागा भरपूर.

शिवणकामाचा जाड दोरा, हार्डवेअरच्या दुकानातले चार-पाच सारखे नट, मीटर टेप आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच एवढं सामान पुरतं. दोरा दाराच्या चौकटीला पक्का बांधा, हातात धरू नका. हात नकळत झोक्याला साथ देतो. पंखा बंद करा. लांबी मोजायची ती गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत, दोरा संपतो तिथपर्यंत नव्हे.

नट एका बाजूला ओढून सोडला आणि तो परत त्याच बाजूला आला की एक दोलन झालं. त्याला लागलेला वेळ म्हणजे दोलनकाल. आता मुलाला विचारा: जड नट लावला तर दोलनकाल वाढेल की कमी होईल? जास्त लांब ओढून सोडला तर? दोरा लांब केला तर? तिन्ही अंदाज लिहून घ्या. जड नट लवकर येईल असं बहुतेक मुलं लिहितात. लिहू द्या, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.

एक दोलन मोजू नका, वीस मोजा आणि वेळेला विसाने भागा. बटण दाबायला माणसाचा हात साधारण एकपंचमांश सेकंद उशीर करतो. पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याचं एक दोलन जेमतेम एका सेकंदाचं असतं, त्यात ही चूक फार मोठी. वीस दोलनांत ती वाटली जाते. मोजायला सुरुवात करताना ‘एक’ म्हणू नका, ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हणून घड्याळ सुरू करणारा एकोणीसच दोलनं मोजतो, आणि ही चूक मोठी माणसंही हमखास करतात.

पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला वीस दोलनांना सुमारे वीस सेकंद लागतात. आता दोन, मग तीन नट लावा. इथे एक सापळा आहे. नट एकाखाली एक लटकवले तर वजनाबरोबर लंबकाची लांबीही वाढते, कारण त्या गोळ्याचा मध्य खाली सरकतो. वेळ बदललेला दिसतो आणि मूल आनंदाने लिहितं की वजनामुळे फरक पडतो. सगळे नट एकाच जागी, मध्य पहिल्या नटाच्या मध्याशी जुळेल असे बांधा. मग वेळ पुन्हा विसाच्या आसपासच येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलणं बोलायला सोपं असलं तरी करायला किती अवघड आहे, हे शिकवायला मला या गाठीइतकं चांगलं दुसरं साधन सापडलेलं नाही.

ओढण्याच्या अंतराचं, म्हणजे आयामाचं, उत्तर थोडं तिरपं आहे. थोडंसंच ओढून सोडलं, दहा-पंधरा अंशांपर्यंत, तर फरक मोजता येत नाही. साठ अंशांवर ओढलं तर वीस दोलनांत सेकंदभर जास्त लागल्याचं दिसायला हवं. गॅलिलिओने लंबकावर पुष्कळ विचार केला होता. मोठ्या झोक्यालाही तेवढाच वेळ लागतो असं तो म्हणत राहिला, आणि ते बरोबर नव्हतं. मुलांना हे जरूर सांगा. मोठ्या माणसाचं म्हणणं घरच्या दोऱ्यावर तपासता येतं, याचं त्यांना अप्रूप वाटतं.

लांबीचा परिणाम सगळ्यांत मोठा. दोरा एक मीटर केला की वीस दोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. लांबी चौपट, वेळ दुप्पट. मधले आकडेही घ्या. पन्नास सेंटिमीटरला सुमारे अठ्ठावीस सेकंद येतील. आलेख काढला तर रेषा सरळ येत नाही, वाकते. मग मुलाला एक भाकीत करायला लावा: एका दोलनाला बरोबर तीन सेकंद लागायला हवे असतील, तर दोरा किती लांब घ्यायचा? वेळ तिप्पट हवा तर लांबी नऊपट, म्हणजे सव्वादोन मीटर. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला किंवा जिन्याच्या कठड्याला तेवढा लंबक बांधून वीस दोलनं मोजा. साठ सेकंद आले की मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो, कारण हे उत्तर त्याने पुस्तकातून घेतलेलं नसतं.

प्रत्येक मापन तीनदा घ्या. २०.१, १९.८, २०.३ असे आकडे आले तर ठीक. त्यातला फरक म्हणजे तुमच्या हाताची अचूकता. १९.० आला तर मोजणीत एक दोलन कमी पडलं असावं. तो खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून बाजूला कारण लिहा. प्रयोगशाळेत उत्तरावरून उलटं येऊन रीडिंग ‘बसवायची’ सवय अकरावी-बारावीत लागते असं म्हणतात. माझ्या मते ती सहावीतच लागते, घरी कोणीतरी ‘वीसच यायला हवेत, नीट लिही’ म्हणतं तेव्हा.

पडणाऱ्या वस्तू

एका हातात वही, दुसऱ्यात कागद. एकदम सोडा. वही आधी पडते. मुलाला वाटतं, सिद्ध झालं. विचारा, वजनाखेरीज या दोघांत आणखी काय वेगळं होतं? मग त्याच कागदाचा घट्ट बोळा करून पुन्हा सोडा. कागदाचं वजन तसूभर बदललं नाही, बदलला तो फक्त आकार, आणि दोन्ही जवळजवळ एकत्र पडतात. आता न चुरगाळलेला, वहीपेक्षा थोडा लहान कागद वहीवर सपाट ठेवून वही सोडा. कागद वहीला चिकटल्यासारखा सोबत येतो. वहीने खालून त्याची हवा अडवली. मंद पडण्याला हवा कारण होती, वजन नव्हे.

हवा पुरती काढून टाकली तर? १९७१ साली अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. या घटनेचा व्हिडिओ सहज मिळतो. पण घरचा प्रयोग झाल्यावर दाखवा, आधी नको.

‘पण पृथ्वी जड वस्तूला जास्त जोराने ओढते ना?’ हा प्रश्न मुलाने विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर तुम्ही विचारा. ओढते, खरंच जास्त ओढते. दुप्पट वस्तुमानाला दुप्पट बलाने ओढते. पण दुप्पट वस्तुमानाचा वेग वाढवायलाही दुप्पट बल लागतं. दोन्ही दुपटी एकमेकींना फेडतात आणि त्वरण सगळ्यांचं सारखंच उरतं: दर सेकंदाला वेग ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. न्यूटनचा दुसरा नियम यात पूर्ण आला.

पडण्याचा वेळ इतका नेमका असतो की त्याचं घड्याळ करता येतं. दहाची नोट उभी धरा, समोरच्याची दोन बोटं नोटेच्या मध्याशी, न टेकवता. न सांगता सोडा. बोटांच्या खाली नोटेची उरलेली लांबी सहाएक सेंटिमीटर असते, आणि तेवढं पडायला सुमारे ०.११ सेकंद लागतो. माणसाचा हात इतका चपळ नाही, नोट निसटते. पैज लावायला हरकत नाही, मात्र सोडणारे तुम्हीच असा. नोटेऐवजी फूटपट्टी घेतली तर ती कुठे पकडली त्यावरून प्रतिसादाचा वेळ काढता येतो: पंधरा सेंटिमीटरला सुमारे ०.१७ सेकंद, वीसला ०.२०. मग मुलं आपणहून विचारतात, झोपेतून उठल्यावर किती, डाव्या हाताने किती, गाणं ऐकताना किती. यातला कोणताही एक प्रश्न घेतला तर तो सरळ प्रकल्पाचा विषय होतो.

पडताना वेग कसा वाढतो हे डोळ्यांना दिसत नाही, फार झटकन होतं. गॅलिलिओने म्हणूनच गोळी उतारावर सोडली. सेकंद मोजणारी घड्याळं नव्हती, तेव्हा भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडून साठलेलं पाणी तोलून त्याने वेळ मोजला; १६३८ सालच्या ग्रंथात हे वर्णन आहे. आपल्याला विजेच्या दुकानात मिळणारी लांब केसिंग पट्टी आणि एक गोटी पुरते. पट्टीचं एक टोक चारेक सेंटिमीटरच उचला. मोबाईलवर सेकंदाला एक टक् असा ताल लावा, एका टोल्यावर गोटी सोडा आणि पुढच्या प्रत्येक टोल्याला ती जिथे असेल तिथे खडूने खूण करा. पहिले काही प्रयत्न फुकट जातील. खुणा नीट जमल्या की त्यांच्यातली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात येतात. हे सूत्र आधी सांगू नका. अंतरं मोजून मुलालाच पहिल्या अंतराने भागू द्या.

ढकलणं थांबल्यावर

आता सगळ्यांत चिवट गैरसमज. टेबलावरचं पुस्तक ढकला, चालतं. हात काढला, थांबतं. म्हणजे गतीला सतत बल लागतं. ॲरिस्टॉटलही असंच म्हणत होता, तेव्हा मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

कॅरम खेळणाऱ्या घरात याचं उत्तर बोर्डावरच आहे. पावडर टाकायच्या आधी आणि नंतर स्ट्रायकर किती जातो ते पाहा. फक्त बोटाचा जोर दोन्ही वेळा सारखाच होता हे कसं ठरवणार? नाही ठरवता येत. म्हणून बोट काढून टाका आणि उतार आणा. मघाची केसिंग पट्टी तीन पुस्तकांवर टेकवा, पट्टीवर एक खूण करा आणि गोटी दर वेळी त्याच खुणेवरून, न ढकलता, नुसती सोडा. खाली आधी टर्किश टॉवेल अंथरा, मग सतरंजी, मग साधी चादर, मग उघडी फरशी. प्रत्येक वेळी गोटी कुठवर गेली ते मोजा. सुरुवातीचा वेग तोच, बदललं ते फक्त खालचं अंग. पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो तशी गोटी लांब जाते. फरशीवर बहुधा भिंतच तिला अडवते.

मग थांबा आणि विचारा: याहून गुळगुळीत फरशी असती तर? आणि घर्षण अजिबातच नसतं तर? गॅलिलिओ असाच विचार करत गेला. तशी फरशी कोणाकडेच नाही, पण आकडे कोणत्या दिशेला चाललेत ते दिसतं. गोटीला थांबवणारं एक बल होतं, घर्षणाचं. ते नसेल तर ती सरळ रेषेत, त्याच वेगाने जातच राहील. १६८७ साली न्यूटनने हे पहिल्या नियमात मांडलं. चालत राहायला बल लागत नाही. वेग बदलायला लागतं, मग तो वाढवायचा असो, कमी करायचा असो, की नुसती दिशा वळवायची असो.

एसटीत उभं असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो. ‘कोणी ढकललं?’ असं विचारलं तर निम्मी मुलं म्हणतील, बसने पुढे ढकललं. कोणीही ढकललेलं नाही. गाडी थांबली, गाडीबरोबर पाय थांबले, वरचं शरीर आधीच्याच वेगाने जात राहिलं. याला जडत्व म्हणतात. ‘जडत्वाचं बल’ असं उत्तरपत्रिकेत दिसलं तर लगेच खोडा. जडत्व हे बल नाही.

बाण कोणावर काढायचा

तिसरा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि जवळजवळ सगळे तो चुकवतात. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान आणि विरुद्ध, तर मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत? बैल गाडी ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी हलतेच कशी? ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर असतात म्हणून. गाडी हलेल का हे ठरवायला फक्त गाडीवरची बलं मोजायची: बैलाची ओढ पुढे, चाकांचं घर्षण मागे. बैलावर काय होतं तो बैलाचा हिशेब. तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. चिखलात पाय घसरले की ही दोन्ही बलं कमी पडतात.

दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे. टेबलावर पुस्तक आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर रेटतं. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? बऱ्याच मार्गदर्शिकांत ‘हो’ लिहिलेलं असतं. नाही. दोन्ही बलं एकाच वस्तूवर, पुस्तकावर आहेत; ती समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे. ही संतुलित बलांची जोडी झाली. पृथ्वी पुस्तकाला ओढते याची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणं. टेबल पुस्तकाला रेटतं याची जोडी म्हणजे पुस्तकाने टेबलाला दाबणं. ओळखायची युक्ती सोपी आहे: ‘क ने ख ला’ असं वाक्य लिहा आणि उलटा, ‘ख ने क ला’. बलाचा प्रकार तोच राहून वाक्य जुळलं तरच जोडी.

म्हणून चित्र काढताना मुलाला एकच वस्तू काढू द्या, आजूबाजूचं काही नको. मग त्या वस्तूवर दुसऱ्या कोणी लावलेली बलं बाणांनी दाखवायची, आणि प्रत्येक बाणाशेजारी कोण लावतंय ते लिहायचं. लावणारा सापडला नाही तर तो बाण खोटा. हवेत उंच उडालेल्या चेंडूवर ‘वर जाणारं बल’ दाखवलेलं असतं, तिथे विचारा, कोण लावतंय? हात तर केव्हाच सुटला. चेंडूवर, हवेचा विरोध सोडला तर, एकच बाण हवा आणि तोही खाली, अगदी वरच्या टोकाला चेंडू क्षणभर थबकतो तेव्हासुद्धा. दहावीच्या हुशार मुलांनाही हे पहिल्यांदा पटत नाही.

वजन आणि वस्तुमानाचा गोंधळ एका प्रश्नाने सुटतो. चंद्रावर किलोभर साखर तागडीच्या तराजूत तोलली तर किती भरेल, आणि स्प्रिंगच्या काट्यावर किती? तागडीत किलोच, कारण समोरचं वजनही तेवढंच हलकं झालं. काट्यावर साधारण एकषष्ठांश. पृथ्वीवर शंभर ग्रॅमच्या वस्तूचं वजन जवळजवळ एक न्यूटन असतं. छोटं लिंबू तळहातावर ठेवून ‘हा अर्धा न्यूटन’ असं म्हणून पाहिलं की एकक हाताला कळतं.

प्रकल्प निवडताना

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधणारे पालक बहुधा मोठा विषय शोधतात: प्रदूषण, सौरऊर्जा, पाणी वाचवा. मोठ्या विषयात काय बदलायचं आणि काय मोजायचं हेच ठरत नाही, आणि शेवटी तक्ता रंगवण्यावर दिवस जातात. लहान विषय घ्या. सायकलच्या चाकात हवा कमी असेल तर उतारावरून सोडलेली सायकल किती लवकर थांबते? चहावर झाकण ठेवलं तर दहा मिनिटांत तापमान किती अंशांनी कमी उतरतं? कागदी विमानाच्या नाकाला एक, दोन, तीन पिना लावल्या तर ते किती लांब जातं, आणि दर वेळी सारखंच फेकलं हे कशावरून? शेवटच्या प्रश्नासाठी रबरबँडची बेचकी करावी लागते; ती नेहमी सारखीच ताणायची.

खेळण्यांतून विज्ञान शिकवण्याचं अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत उभं केलेलं काम या वयासाठी चांगलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं इंटरनेटवर फुकट मिळतं. फक्त खेळणं तयार झालं की थांबू नका. त्यातली एक गोष्ट बदलून काय होतं ते मोजायला लावा.

निष्कर्ष लिहिताना आपण मोजलं तेवढंच लिहायचं. ‘लंबकाचा दोलनकाल वजनावर अवलंबून नसतो’ असं लिहिण्याऐवजी ‘पंचवीस सेंटिमीटर दोऱ्याला एक ते तीन नट लावले, वीस दोलनांच्या वेळेत मला मोजता येण्याजोगा फरक पडला नाही’ असं लिहा. परीक्षकाला दुसरं वाक्य जास्त आवडतं, कारण ते वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहता येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी एक विषय सुचवून ठेवतो. माठातलं पाणी थंड होतं ते बाहेर झिरपून वाफ होतं म्हणून, असं पुस्तक सांगतं. तपासा. दोन माठ घ्या, एकाला बाहेरून ऑइल पेंट लावा, दुसरा तसाच. पेंट वाळून वास गेला की दोन्हींत सारखंच पाणी, एकाच सावलीत, एकाच वेळी भरलेलं. दर तासाला थर्मामीटरने तापमान आणि दिवसाअखेर किती पाणी उरलं ते मोजून लिहायचं. ते पाणी प्यायचं नाही. माठ एकाच कुंभाराकडचे, एकाच मापाचे घ्या. आणि त्यांच्यात मुळातच फरक नाही ना हे पाहायला रंग लावायच्या आधी एक दिवस दोन्ही तसेच भरून आकडे घेऊन ठेवा.